भुंगा कशाला सोडून बसला, तेही लिहा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेभोवतीच्या सहा गावांत वर्षभर लाकूड पोखरणाऱ्या रानभुंग्यांची पाहणी करायची आहे. हाताशी नववीची मुलं, पदवीला असलेले दोन माजी विद्यार्थी, चार मोबाइल आणि कॉलेजातून मागून आणता येईल असा एक सूक्ष्मदर्शक. भुंगे कुठे आहेत आणि त्यांना कुठली फुलं आवडतात, हे दोन मुख्य प्रश्न. पोटप्रश्न असे: पकडावे लागतील का, फोटोवर भागेल का, आणि ‘आवड’ मोजायची तरी कशी.

सगळी गोम या शेवटच्या पोटप्रश्नात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. भुंगा कशावर बसला हे कोणीही लिहितं. तो कशाला सोडून तिथे बसला हे लिहिलं, तरच ती आवड म्हणायची. तसंच तो कुठे दिसला हे लिहिणं सोपं आहे. तासभर फिरूनही कुठे दिसला नाही हे वहीत आलं, तरच प्रसाराचा नकाशा खरा.

हे मी तोंडावर पडून शिकलो. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या पहिल्या पाहणीत सहा महिन्यांत दोन वह्या भरल्या होत्या. निष्कर्ष तयार होता: भुंग्याला सगळ्यात जास्त रुई आवडते आणि तो पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या वाटेच्या, कडेने राहतो. एका ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञांना वह्या दाखवल्या. त्यांनी चार पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "तुम्ही फिरलात कुठून?" मी पांदणीनेच फिरलो होतो, आणि पांदणीला दोन्ही बाजूंनी रुईच होती. त्या दोन वह्या अजून कपाटात आहेत. नव्या मुलांना दाखवायला कामी येतात.

आता नावाची भानगड. गावात जाऊन "भुंगे दिसतात का?" असं विचारू नका. आपल्याकडे भुंगा म्हणजे काहीही असतं. नारळाचा गेंड्या भुंगा असतो, धान्यातला सोंड्या भुंगा असतो, आणि हे सगळे भुंगेरे, म्हणजे वेगळ्याच गटातले किडे. एकदा एका काकाजींनी मला मोठ्या उत्साहाने दोन किलोमीटर चालवत नेलं आणि संध्याकाळी कडुनिंबावर लटकलेले हुमणीचे भुंगेरे दाखवले. चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. आता मी विचारतो, "बांबूला, बल्लीला गोल भोक पाडून भुसा सांडणारा काळा भवरा पाहिला का?" त्यावर उत्तर बहुतेक घरातल्या बाईकडून येतं, कारण तो भुसा तिलाच झाडावा लागतो. "रोज सांडते जी, झाडू तरी किती?" असं कोणी म्हणालं की वही काढायची. कीर्तनात ऐकलेला दृष्टांतही बरा चालतो: कोरडं लाकूड पोखरणारा, पण कमळाच्या कळीत अडकणारा तो भ्रमर. म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं. (कमळात अडकलेला मी अजून पाहिलेला नाही. लाकूड पोखरणारा रोज पाहतो.)

शास्त्रीय नाव झायलोकोपा, ग्रीकमध्ये अर्थ लाकूडतोड्या. मधमाश्यांच्याच कुळातली ही माशी, पण पोळं नाही, राणी-कामकरी असा कारभार नाही. मादी स्वतःचं घर स्वतः कोरते. लाकूड खात मात्र नाही, नुसतं कोरून बाहेर टाकते. आत गेल्यावर बोगदा काटकोनात वळतो आणि लाकडाच्या रेषेने पुढे जातो. मादी त्यात पराग आणि मध कालवून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, लाकडाच्या भुशाची भिंत बांधते, मग पुढचा गोळा. तिचं अंडं सगळ्या कीटकांमधल्या मोठ्यांत मोजावं असं असतं. पिल्लं थोडी आणि प्रत्येकावर मेहनत मोठी, त्यामुळे एखाद्या गावातली कुजकी-वाळकी लाकडं गेली की भुंग्यांची संख्या लवकर भरून येत नाही.

ओळखीबद्दल माझा सल्ला असा, की मुलांकडून जातीचं नाव लिहवून घेऊच नका. रूप लिहवून घ्या. तुमच्या भागात पाच रूपं पुरतील. पहिलं, ‘पिवळ्या छातीची’: छातीवर पिवळी लव, पोट काळं. यात एस्ट्युअन्स आणि प्युबेसन्स अशा सारख्या दिसणाऱ्या जाती येतात आणि मोबाइलच्या फोटोवर त्या वेगळ्या करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुसरं, ‘पूर्ण पिवळा’: हा वेगळ्या जातीचा नसून त्याच पिवळ्या छातीवालीचा नर असतो. तिसरं, ‘मोठा काळा’: लॅटिपेस, अंगठ्याएवढा जाड, पंखांवर निळी-हिरवी-जांभळी झाक, आणि नराचे पुढचे पाय रुंद, फिकट, केसाळ. चौथं, ‘मध्यम काळा’: फेनेस्ट्राटा. त्याच्या नावातच खिडकी आहे, पंख उन्हात धरले की गडद भागाशेजारी काचेसारखा पारदर्शक भाग दिसतो. पाचवं, ‘लहान काळा’: अमेथिस्टिना आणि तिच्या आकाराच्या इतर, बारीक काटक्यांत घर करणाऱ्या. सहावा रकाना ‘कळलं नाही’ असा ठेवा आणि मुलांना सांगा, की तो भरला म्हणून कोणी रागावणार नाही. ज्या वहीत तो रकाना पूर्ण रिकामा असतो, त्या वहीवर माझा विश्वास बसत नाही.

त्या पिवळ्या नराची एक गोष्ट सांगतो. एका मुलाने गावाबाहेरच्या एकाच जागी पाऊण तासात 42 पिवळे भुंगे नोंदवले. तिथे जाऊन पाहिलं तर एकच नर होता. तो आपली हद्द राखत होता: हवेत एका जागी थांबायचा, पाखरू दिसलं, फुलपाखरू दिसलं, फेकलेला खडा दिसला तरी त्याच्यामागे धावायचा आणि परत येऊन त्याच जागी थांबायचा. मुलाने प्रत्येक फेरीला एक रेघ मारली होती. तेव्हापासून आमच्या तक्त्यात ‘काय करत होता’ हा रकाना सक्तीचा आहे: मध पितोय, पराग गोळा करतोय, फूल फोडून मध चोरतोय, राखण करतोय, नुसता उडतोय. राखण करणारा नर आवडीच्या हिशेबात धरायचाच नाही. जाता जाता, नराला नांगी नसते. तोंडावर येऊन घोंघावतो तेव्हा पोरं पळतात, पण तो काहीच करू शकत नाही. मादीला नांगी आहे, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा वापरत नाही.

आता शोध कुठून सुरू करायचा? फुलांपासून नाही, लाकडापासून. कारण फुलावर दिसलेला भुंगा त्या गावचा असेलच असं नाही. केनियात चवळीवर काम करणाऱ्या संशोधकांनी तिथल्या एका जातीच्या भुंग्यांना बारीक रेडिओ ट्रान्समीटर चिकटवून माग काढला होता. 2008 साली ते काम प्रसिद्ध झालं आणि त्यात भुंगे सहा किलोमीटरपर्यंत गेलेले आढळले. तुमची दोन गावं एकमेकांपासून तीन किलोमीटरवर असतील तर ‘या गावात आहे, त्या गावात नाही’ हे फुलांवरून सांगताच येणार नाही. घर मात्र जागचं हलत नाही.

तेव्हा गावठाणात आधी कोठे बघा, जनावरांचे. जुन्या कोठ्याच्या बल्ल्या, मांडवाचे बांबू, टाकून दिलेल्या बंडीचं जू, कुंपणाचे खांब, वाळलेला शेवगा, पांगाऱ्याची मेलेली फांदी. भोक अगदी गोल, करंगळी आत जाईल एवढं, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं. खाली पिवळसर भुसा ताजा असेल तर काम चालू आहे. भुसा काळा पडलेला किंवा दारात कोळ्याचं जाळं असेल तर घर जुनं. भोकाखाली लाकडावर पिवळे ओघळ दिसले तर ती विष्ठा, म्हणजे आत वस्ती आहे. खात्री करायची असेल तर दिवेलागणीला जा आणि मोबाइलचा उजेड तिरपा टाका. मादी दारातच असते आणि बऱ्याचदा पाठमोरी होऊन पोटाने दार बंद करून बसते, काळं चकचकीत बूच लावल्यासारखं.

बांबूबद्दल एक बारकावा. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं बांबू आहे म्हणजे भुंगा आहे. पण कोरड्या टेकड्यांवरचा मानवेल बराचसा भरीव असतो, त्यात घर करायला जागा कुठली? कटांग पोकळ, तो चालतो. म्हणून नोंदीत नुसतं ‘बांबू’ लिहू नका, पोकळ की भरीव ते लिहा. भंडारा-गोंदियाकडून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: धानाच्या बांधीत भुंग्याला काही नाही, पण बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेली तूर आणि घरामागचं बांबूचं बेट या दोन ठिकाणी नक्की बघा.

सहा गावं निवडताना सहाही सारखी नकोत. दोन निव्वळ काळ्या मातीची, कापूस-सोयाबीनची, झाड शोधावं लागेल अशी. दोन नाल्याकाठची, जिथे पांदणी अजून शाबूत आहेत. दोन जंगलाला लागून. प्रत्येक गावात अर्ध्या किलोमीटरच्या तीन वाटा ठरवा: एक गावठाणातून, एक धुऱ्याने किंवा पांदणीने, एक नाल्याने किंवा जंगलाच्या कडेने. वाट ठरली की वर्षभर तीच, ‘तिकडे जास्त दिसतात’ म्हणून बदलायची नाही. माझी पांदण आठवा. वाट अर्ध्या तासात सावकाश चालायची, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर बघायचं. प्रत्येक फेरीची पाटी आधी भरायची: तारीख, सुरू-संपण्याची वेळ, ऊन-ढग, वारा. मग एकही भुंगा दिसला नाही तरी ती फेरी वहीत राहते. मुलांना ही कोरी पानं लाजिरवाणी वाटतात आणि ती फाडून टाकण्याकडे कल असतो. म्हणून पानांवर आधीच क्रमांक छापून द्या.

एकदा दिसला नाही म्हणजे नाही, असं होत नाही. समजा भुंगा तिथे असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता निम्मी आहे. मग एका फेरीत चुकण्याची शक्यता निम्मी, सलग तीन फेऱ्यांत चुकण्याची आठातली एक, म्हणजे 12.5 टक्के. पाच फेऱ्यांत बत्तीसातली एक. तेव्हा कुठल्याही वाटेवर ‘नाही’ म्हणायच्या आधी त्याच हंगामात निदान तीन आणि जमल्या तर पाच फेऱ्या हव्यात. वर्षातून एकदा सहा गावं फिरण्यापेक्षा तीनच गावं महिन्यातून चारदा फिरा, असं मी म्हणेन. सहाचा हट्ट असेल तर माजी विद्यार्थ्यांकडे दोन-दोन गावं कायमची द्या.

वेळ साधी गोष्ट आहे, पण तिच्यात फार चूक होते. पावसाळा-हिवाळ्यात सकाळी सात ते अकरा उत्तम. हिवाळ्यात थोडं उशिरा निघालात तरी चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा उजाडताच निघा आणि नऊला परत या. दुसरी फेरी साडेपाचनंतर. दुपारी भुंगा दिसला नाही ही नोंद भुंग्याबद्दल काही सांगत नाही, उन्हाबद्दल सांगते. काही जाती तर अंधाराच्याच आहेत. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की झायलोकोपाची टेनुइस्कापा ही जात चांदण्या रात्रीही उडते आणि ट्रँक्वेबारिका ही जात तर अमावस्येच्या अंधारातही फुलं शोधते. तिथल्या वारस नावाच्या झाडावर रात्री येणारी मुख्य पाहुणी टेनुइस्कापाच. वारस मेळघाटातही आहे. तुमच्या शाळेतल्या मुलांना रात्री जंगलाकडे पाठवा असं मी मुळीच म्हणत नाही, पण निष्कर्ष लिहिताना ‘दिवसा दिसणारे भुंगे’ एवढा शब्द घाला.

आता फुलं. इथे जरा रेंगाळतो, कारण मजा इथे आहे.

तरवडाच्या झुडपासमोर दहा मिनिटं उकिडवे बसा. पिवळ्या छातीची मादी येते, फुलावर उतरते आणि वाकड्या, तपकिरी परागकोशांना पायांनी कवटाळते. पंख थांबतात, पण आवाज थांबत नाही. उडतानाचा भरदार घूं होता, तो आता बारीक, चढा ‘झीं… झीं’ होतो. ती पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. तरवडाचे परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला फक्त भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. थरथर झाली की त्या भोकातून परागाची पिचकारी मादीच्या पोटावर येते. टाकळा, बहावा, वांगं, टोमॅटो, भुईरिंगणी, सगळ्यांचं हेच. आपल्या पोळ्याच्या मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. त्यामुळे हा आवाज ऐकू आला की ‘पराग गोळा करतेय’ असं बिनधास्त लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, मुलं दोन दिवसांत कानाने ओळखायला लागतात.

तीच मादी रुईवर वेगळीच वागते. रुईच्या फुलात सुटा पराग नसतोच. तो मेणचट पिशव्यांत बांधलेला असतो, दोन पिशव्या मिळून एक जोडी. मादी मध्यावरच्या मुकुटाला धरून मधासाठी तोंड खुपसते, पाय घसरतो, फटीत जातो, आणि ती ओढून काढते तेव्हा पायाला ती पिवळी जोडी लटकलेली असते, खेड्यातल्या दुकानात वजनकाट्याची पारडी लटकावी तशी. रुईवर बसलेल्या भुंग्याचा जवळून फोटो काढा आणि पाय मोठे करून बघा. पायाला पाच-सहा जोड्या घेऊन फिरणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

म्हणजे बघा, तरवड-रिंगणीवर मध नाही, रुईवर नेता येईल असा पराग नाही. रुईकडे ती स्वतःच्या पोटासाठी जाते, तरवडाकडे लेकरांच्या डब्यासाठी. या दोन्ही भेटी एकाच रकान्यात टाकून ‘आवडतं फूल’ काढलं तर बाजारातून तेल आणि तूर दोन्ही आणणाऱ्या बाईला ‘तुला काय आवडतं?’ असं विचारल्यासारखं होतं.

तुरीवर दोन्ही मिळतं. मादी पाकळ्यांवर भार टाकते, खालची होडी दबते, आतले पुंकेसर उसळून तिच्या पोटाला लागतात. लहान माश्यांचं वजन पुरत नाही, हिचं पुरतं. तूर कळीतच बरीचशी स्वतःचं परागण उरकून घेते, त्यामुळे भुंगा नसेल तर तूर येणारच नाही, असं शेतकऱ्याला सांगू नका. पण तुरीत सरमिसळ करणाऱ्या माश्यांत ही प्रमुख आहे, आणि शुद्ध बियाणं राखणारे लोक तुरीवर जाळी टाकतात ती अशांसाठीच.

आणि चोरी. नाल्याकाठच्या बेशरमचं फूल लांब नळीचं असतं. भुंगा तोंडातून आत शिरायच्या ऐवजी बाहेरून, बुडाशी बसतो आणि जबड्याच्या पात्याने चीर देऊन मध ओढतो. फूल उचलून बुडाशी बघा, तपकिरी चीर दिसते. परागण होत नाही, पण मध मिळतो. आवडीच्या हिशेबात ही भेट धरायची, परागणाच्या हिशेबात नाही.

आता मोजणी. प्रत्येक फेरीत वाटेवरची आज उघडलेली फुलं मोजायची. कपाशीचं आजचं फूल फिकट पिवळसर असतं आणि कालचं गुलाबी. फक्त पिवळसर मोजा. तुरीच्या ओळीचा एक मीटर मोजून ओळींच्या लांबीने गुणा. करंजासारख्या झाडाची एक फांदी मोजा आणि फांद्यांनी गुणा. चूक होईल, पण सगळीकडे सारखीच होईल. आणि नोंद भुंगा पहिल्यांदा ज्या फुलावर नजरेला पडला त्याचीच. एकाच मादीने सलग तुरीची वीस फुलं घेतली तर ती वीस मतं नाहीत, एकाच मतदाराने वीस शिक्के मारले आहेत.

समजा डिसेंबरातल्या चार फेऱ्यांची बेरीज अशी आली: तुरीची 800 फुलं, रुईची 120, तरवडाची 80, एकूण 1000. भुंग्यांच्या नोंदी 50: तुरीवर 30, रुईवर 15, तरवडावर 5. वहीकडे बघून कोणीही म्हणेल, भुंग्याला तूर आवडते. पण फुलांत तुरीचा वाटा 80 टक्के आणि भेटींत 60, म्हणजे 0.75 पट. रुईचा फुलांत 12 टक्के, भेटींत 30, म्हणजे अडीच पट. तरवड 8 आणि 10 टक्के, सव्वा पट. जास्त भेटी तुरीला आणि जास्त ओढ रुईची. पुढे जायचं असेल तर पदवीच्या मुलांना 1974 सालचा जेकब्ज यांचा निर्देशांक काढायला लावा: भेटींतला वाटा वजा फुलांतला वाटा, भागिले दोन्हींची बेरीज वजा दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. तो उणे एक ते अधिक एक असा येतो. वरच्या आकड्यांत रुई अधिक 0.52, तरवड अधिक 0.12, तूर उणे 0.45.

आता त्याच नोंदींतून फक्त परागासाठी आलेल्या वेगळ्या काढा. समजा तुरीवरच्या 30 पैकी 10 मादी पायावर पराग भरत होत्या, आणि तरवडावरच्या पाचही. रुईला या हिशेबात जागाच नाही. उरली 880 फुलं, त्यात तरवड 9 टक्के. भेटी 15, त्यात तरवड 33 टक्के. सव्वा पटीचा तरवड थेट 3.7 पटींवर गेला. फुलं तीच, भुंगे तेच, फक्त प्रश्न नेमका झाला. अर्थात पाच नोंदींवर कोणी निष्कर्ष काढू नये. एका फुलासाठी एका हंगामात निदान तीस तरी हव्यात, असा मी स्वतःसाठी नियम ठेवलाय.

सूक्ष्मदर्शक आहे म्हणता तर पायावरच्या परागाचाही उपयोग करा. मादीला जाळीत घ्या, पारदर्शक बरणीत सोडा, मागच्या पायावरचा पराग दातकोरणीच्या टोकाने थोडा घ्या, फ्युक्सिन हा रंग टाकलेल्या ग्लिसरीन-जिलेटिनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा आणि तिला तिथल्या तिथे सोडा. त्याआधी गावातल्या प्रत्येक फुलाच्या परागाची ओळखपट्टी तयार करून ठेवा, नाहीतर नुसते गोळे दिसतील. कापूस-अंबाडी-भेंडीचा पराग मोठा, गोल, काटेरी, पहिल्याच दिवशी ओळखू येतो. फक्त एक लक्षात असू द्या: काचपट्टीवर रुई कधीच दिसणार नाही. तिच्या पिशव्या पायाला लटकतात, पराग म्हणून भरल्या जात नाहीत. डोळा आणि काचपट्टी यांची साक्ष जिथे जुळत नाही, तिथे दोघंही खरं बोलत असू शकतात.

बरणी सावलीत, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, प्लास्टिकची पिशवी नको. फोटो तीन: वरून, तोंडासमोरून, पंख पसरलेला. छातीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिलात तर तीच मादी परत मोजली जात नाही. पंखाला मात्र लावू नका. मारायची गरज मुलांना नाही. जातीची खात्री करायची असेल तर प्रत्येक रूपाचे एक-दोन नमुने जाणकाराच्या हातून घेऊन पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करावी. मेलेला भुंगा घराखाली पडलेला मिळाला तर उत्तमच. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळी उघडायची नाही, 1972 चा वन्यजीव कायदा तिथे सगळ्यालाच लागू आहे.

दोन गोष्टी पालकांना आधीच सांगा. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या वावरात आज फवारणी आहे किंवा काल झाली, तिथे फेरी रद्द, आणि पाटीवर कारण लिहा. दुसरं, जंगलाकडेच्या वाटेवर पहाटे मुलं नकोत, त्यातही मोहफुलाच्या दिवसांत. ती वाट मोठ्या विद्यार्थ्यांनी, दोघा-तिघांनी, ऊन वर आल्यावर चालावी. लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, साप तिथेच असतात.

सुरुवात कधी करायची, असंही विचारलंत. पहिली फेरी फेब्रुवारीत घ्या. पळस, पांगारा, शेवगा, मागून शिवण, करंज, मग बहावा असा क्रम लागतो आणि झाडं निष्पर्ण असल्याने भुंगे दिसतातही स्पष्ट. तोवर जानेवारीत नुसती घरं शोधून ठेवा, प्रत्येक भोकाला खडूने क्रमांक द्या आणि कोठ्याच्या मालकाशी बोलून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये कोठे शाकारले जातात, टिनाची पत्रं चढतात आणि जुनी बल्ली चुलीत जाते. माझी 14 क्रमांकित घरं अशीच एका आठवड्यात जळाली होती. मालकाला आधी सांगितलं असतं तर त्याने ती बल्ली काढून मागच्या भिंतीला टेकवून ठेवली असती. पुढच्या वर्षी दुसऱ्या एकाने ठेवली, आणि भुंगे त्यातच राहिले.